गृहोद्यानातील अफूचे झाड : एक विधिविषयक विवेचन

दिवाळीत अनारसे थापताना खसखस लागत नाही असे महाराष्ट्रीय घर विरळाच. ही खसखस म्हणजे अफूच्या झाडाचे बी होय, ही गोष्ट बहुतेकांस ऐकून ठाऊक असते. परंतु तिच्यातून निघणारा विधिविषयक प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. वाण्याच्या दुकानातून खसखस उघडपणे विकत घेता येते. ती घरात साठविण्यास कोणताही परवाना लागत नाही. तेच बी परसातील वाफ्यात पेरले आणि त्यातून झाड उभे राहिले, तर मात्र त्या झाडाची लागवड हा भारतात कारावासास पात्र असा अपराध ठरतो. झाड वाळल्यावर त्याच्या बोंडातून पुन्हा जे बी निघते, त्या बियांस विधीने निषिद्ध पदार्थांतून पुन्हा वगळलेले आहे. दोन्ही टोकांस निर्दोष आणि मध्ये सदोष अशी ही विलक्षण स्थिती आहे.

ह्या स्थितीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घराच्या बागेत केवळ शोभेसाठी, कुतूहलाने अथवा अजाणता अफूचे झाड वाढविले, तर भारतीय विधी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतो? झाडांची संख्या, लावणाऱ्याचा उद्देश, झाडातील मादक द्रव्याचे प्रमाण ह्या गोष्टींना त्यात कितपत स्थान आहे? आणि जेथे ते स्थान नाही, तेथे ते असावे काय? विवेचन सुलभ व्हावे म्हणून आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांच्या रीतीस अनुसरून देवदत्त व यज्ञदत्त ह्या दोन कल्पित गृहस्थांचे साहाय्य घेतले आहे.

१. निषिद्ध झाड कोणते?

समजा, देवदत्ताने थंडीच्या आरंभी ‘पॉपी’ असे लिहिलेले बियांचे पाकीट आणून गच्चीवरील कुंड्यांत पेरले. त्याने अपराध केला काय, हे ‘पॉपी’ ह्या शब्दावरून सांगता येणार नाही. ह्या एका नावाखाली अनेक भिन्न वनस्पती येतात. शेतात व बागेत तांबडी फुले देणारी ‘पापाव्हर ऱ्हिआस’ आणि तिच्यापासून निपजलेली ‘शर्ली पॉपी’. पिवळ्या, नारिंगी व पांढऱ्या रंगांची ‘आइसलँड पॉपी’. तसेच ‘पापाव्हर’ ह्या प्रजातीतही न मोडणारी ‘कॅलिफोर्निया पॉपी’. ही सर्व हिवाळी फुलझाडे आहेत आणि त्यांची लागवड करण्यास भारतात प्रतिबंध नाही. आपल्याकडील पडीक जमिनीवर उगवणारा काटेरी पिवळा धोत्रा हाही ह्याच कुलातील आहे. त्याचे विषारी गुण प्रसिद्ध असले तरी तो अफूचे झाड नव्हे.

विधीने निषिद्ध मानलेले झाड एकच आहे : ‘पापाव्हर सॉम्निफेरम’. ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’ ह्याच्या दुसऱ्या कलमात ‘अफूचे झाड’ ह्या संज्ञेची व्याख्या दिली आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात ह्या जातीचा लिनियसप्रणीत नावाने निर्देश आहे. दुसऱ्या भागानुसार पापाव्हर प्रजातीतील अन्य एखाद्या जातीपासून अफू अथवा फेनँथ्रीन वर्गातील अल्कलॉइड काढता येत असेल, आणि केंद्र शासनाने अधिसूचनेद्वारा तसे घोषित केले असेल, तर तीही अफूचे झाड मानली जाते. दुसऱ्या भागात दोन अटी आहेत आणि त्या दोन्ही पुऱ्या व्हाव्या लागतात. उदाहरणार्थ, ‘पापाव्हर ब्रॅक्टिएटम’ ह्या जातीत थेबाइन हे फेनँथ्रीन वर्गातील अल्कलॉइड विपुल असते. तथापि केवळ तेवढ्यावरून ती जाति निषिद्ध ठरत नाही, अधिसूचना आवश्यक असते. पहिल्या भागास मात्र अशी कोणतीही अट जोडलेली नाही. जातीचे नाव जुळले की व्याख्या पूर्ण झाली.

ह्याचा परिणाम ध्यानात घेण्याजोगा आहे. बागशौकिनांत प्रिय असलेली, पुष्कळ पाकळ्यांची, ‘पिओनी’ ह्या फुलासारखी दिसणारी जी शोभेची पॉपी असते, तीही वनस्पतिशास्त्रदृष्ट्या पापाव्हर सॉम्निफेरमच होय. तिची पैदास फुलासाठी झालेली आहे, अफूसाठी नव्हे. परंतु व्याख्येत हा भेद नाही. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने ‘सुजाता’ नावाचे एक वाण विकसित केले आहे. त्याच्या बोंडातून अफू मिळत नाही; ते केवळ बियांसाठी उपयुक्त आहे. तेही जातीने तेच असल्यामुळे व्याख्येच्या बाहेर जात नाही.

ओळखीच्या दृष्टीने सांगावयाचे तर, अफूच्या झाडाचे देठ व पाने गुळगुळीत, निळसर झाक असलेल्या हिरव्या रंगाची असून वरची पाने देठास कवटाळून असतात. बोंड मोठे, गोलसर व माथ्यावर चकती असलेले असते. पापाव्हर ऱ्हिआसची पाने बारीक कातरलेली, देठ केसाळ व बोंड लहान असते. देवदत्ताने पाकिटावरील चित्रापेक्षा ह्या खुणांकडे पाहणे अधिक हिताचे.

२. निर्बंधाची पूर्वपीठिका

अफूच्या लागवडीवरील नियंत्रण स्वतंत्र भारताने नव्याने निर्माण केलेले नाही. १८५७ चा अधिनियम बंगाल इलाख्यातील लागवड व उत्पादन ह्यांचे नियमन करीत होता. १८७८ च्या अधिनियमाने त्यास देशव्यापी जोड दिली आणि १९३० च्या ‘धोक्याची औषधिद्रव्ये’ विषयक अधिनियमाने आंतरराष्ट्रीय करारांशी मेळ घातला. ह्या काळातील मूळ प्रेरणा आरोग्यापेक्षा महसुलाची अधिक होती. बंगालमध्ये सरकारी एकाधिकार होता; माळव्यात, म्हणजे मुख्यत्वे शिंदे, होळकर आदी संस्थानिकांच्या मुलखात, पिकलेली अफू मुंबई बंदरातून चीनकडे जात असे आणि तिच्यावर इंग्रज सरकार परवानाशुल्क घेत असे. मुंबईतील कित्येक व्यापारी घराण्यांचे वैभव ह्या व्यापारावर उभे राहिले. १९०७ च्या इंग्लंड–चीन करारानंतर ही निर्यात क्रमशः आटत गेली.

संविधानाने हा विषय केंद्राच्या हाती ठेवला. सातव्या अनुसूचीतील संघसूचीच्या ५९ व्या नोंदीत अफूची लागवड, निर्मिती व निर्यातीसाठी विक्री ह्यांचा समावेश आहे. समवर्ती सूचीतील ‘औषधिद्रव्ये व विषे’ ही १९ वी नोंद त्या नोंदीच्या अधीन ठेवलेली आहे. म्हणून महाराष्ट्र शासनास वाटले तरी शोभेच्या अफूस राज्यापुरती मुभा देता येणार नाही.

१९६१ च्या अंमली द्रव्यांविषयीच्या एकल आंतरराष्ट्रीय कराराने अफूचे झाड ह्याचा अर्थ पापाव्हर सॉम्निफेरम हाच केला. मात्र त्याच्या २२ व्या अनुच्छेदात लागवडीवर संपूर्ण बंदी घालण्याचे बंधन सरसकट टाकलेले नाही. देशातील परिस्थिती पाहता सार्वजनिक आरोग्याच्या रक्षणासाठी व अवैध व्यापार रोखण्यासाठी बंदी हाच सर्वांत योग्य उपाय आहे असे एखाद्या राष्ट्राचे मत झाले, तर त्याने बंदी घालावी, असे तेथे म्हटले आहे. अफूच्या उत्पादनासाठी लागवड करू देणाऱ्या राष्ट्राने ती शासकीय अभिकरणाच्या नियंत्रणाखाली ठेवावी, क्षेत्र ठरवून द्यावे, केवळ परवानाधारकासच लागवड करू द्यावी आणि सर्व पीक अभिकरणाने ताब्यात घ्यावे, असे २३ वा अनुच्छेद सांगतो. घराच्या बागेतील चार झाडांविषयी काय करावे, हा निर्णय अशा रीतीने प्रत्येक राष्ट्राच्या विवेकावर सोपविलेला आहे.

३. भारतीय अधिनियमाची रचना

१९८५ च्या अधिनियमाचे आठवे कलम म्हणजे त्याचा कणा होय. कोणीही अफूच्या झाडाची अथवा गांजाच्या झाडाची लागवड करू नये, असा निर्बंध त्यात आहे. वैद्यकीय किंवा शास्त्रीय प्रयोजन हा त्यास एकमेव अपवाद असून तोही अधिनियम, नियम व आदेश ह्यांनी घालून दिलेल्या रीतीने व मर्यादेतच उपलब्ध होतो. नवव्या कलमाखाली केंद्र शासनास अफूच्या लागवडीस अनुमती देणारे नियम करता येतात. परंतु अशी लागवड केवळ केंद्र शासनाच्या खात्यावरच झाली पाहिजे, अशी मर्यादा त्याच कलमात घातलेली आहे. स्वतःच्या हौसेखातर देवदत्ताने परवाना मागितला, तरी तो देण्याची सोय ह्या योजनेत नाही.

विधिसंमत लागवड कशी चालते, हे पाहिले म्हणजे ह्या कठोरपणाचे कारण कळते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश ह्या राज्यांतील अधिसूचित प्रदेशांतच तिला परवानगी मिळते. नीमच, मंदसौर, चित्तोडगड, प्रतापगढ, बाराबंकी ही त्यांतील परिचित नावे. ग्वाल्हेर येथील केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोकडून शेतकऱ्यास वर्षापुरता परवाना मिळतो. पीकवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. शेताची मोजणी होते. कच्च्या बोंडांना चिरा देऊन निघालेल्या चिकाच्या नोंदी गावातील लंबरदारामार्फत ठेवल्या जातात. आणि सर्व अफू शासनाने ठरविलेल्या दराने शासनासच द्यावी लागते. ती पुढे गाझीपूर व नीमच येथील शासकीय कारखान्यांत जाते. अलीकडील वर्षांत बोंडांना चिरा न देता ती वाळवून त्यांतून अल्कलॉइड काढण्याच्या पद्धतीसही परवाने देण्यात आले आहेत. मॉर्फीन, कोडीन ह्यांसारख्या वेदनाशामक औषधांचा पुरवठा ह्या व्यवस्थेवर अवलंबून असतो.

आता शिक्षेकडे वळू. अठराव्या कलमात अफूच्या झाडाची लागवड आणि अफूचे उत्पादन, जवळ बाळगणे, विक्री इत्यादी कृत्ये एकाच वाक्यात गोवलेली आहेत. अपराध ‘अल्प प्रमाणा’चा असल्यास एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ‘व्यापारी प्रमाणा’चा असल्यास दहा ते वीस वर्षे सश्रम कारावास व एक ते दोन लाख रुपये दंड, आणि इतर कोणत्याही बाबतीत दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड. १९८५ च्या मूळ पाठात अशी श्रेणी नव्हती. दहा वर्षे ही किमान शिक्षा होती. २००१ च्या दुरुस्तीने प्रमाणानुसार श्रेणी आणली आणि २०१४ च्या दुरुस्तीने अल्प प्रमाणाची कमाल शिक्षा सहा महिन्यांवरून एक वर्षावर नेली.

२००१ च्या अधिसूचनेनुसार अफूचे अल्प प्रमाण २५ ग्रॅम व व्यापारी प्रमाण अडीच किलोग्रॅम आहे. परंतु ही मापे गोठलेल्या चिकाची आहेत. कुंडीत उभ्या असलेल्या, चिराही न दिलेल्या चार झाडांचे ‘प्रमाण’ कशाने मोजावे? मुळे, माती, देठ ह्यांसह झाड तोलून त्याचे वजन अफूचे वजन मानणे तर्काला धरून होणार नाही. गांजाच्या बाबतीत विसाव्या कलमाने लागवड हा अपराध वेगळ्या खंडात ठेवून त्यास प्रमाणाची श्रेणी लावलेलीच नाही, म्हणून तेथे ही अडचण उद्भवत नाही. अठराव्या कलमात तसा विलग खंड नसल्यामुळे देवदत्ताचे कृत्य ‘अल्प प्रमाणा’त मोडते की ‘इतर बाबी’त, हा प्रश्न संहितेच्या शब्दांवरून निर्विवादपणे सुटत नाही. एका वर्षाची कमाल मर्यादा आणि दहा वर्षांची कमाल मर्यादा ह्यांतील अंतर ह्या एका प्रश्नावर अवलंबून आहे.

येथे तेहतिसाव्या कलमाचीही नोंद घेतली पाहिजे. अपराधी अठरा वर्षांखालील नसेल, तर १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाचा लाभ ह्या अधिनियमाखालील दोषी व्यक्तीस, काही किरकोळ अपराध वगळता, मिळत नाही. सत्तर वर्षांच्या निरपराध वृत्तीच्या बागप्रेमी वृद्धासही, दोष एकदा सिद्ध झाला म्हणजे, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येत नाही. दिलासा इतकाच की, व्यापारी प्रमाणाखेरीज अन्य बाबतींत किमान शिक्षा नाही आणि ३७ व्या कलमातील जामिनाची कडक अटही अशा प्रकरणास लागू होत नाही.

४. ‘लागवड’ ह्या शब्दाचा अर्थ

देवदत्ताने बी विकत घेऊन हेतुपूर्वक पेरले होते. त्याच्या आईचे उदाहरण वेगळे आहे. समजा, तिने खसखस निवडून उरलेला कोंडा व काही दाणे तुळशीमागच्या वाफ्यात टाकले आणि पौषात तेथे अनोळखी रोपे वर आली. तिने लागवड केली काय?

‘लागवड करणे’ ह्या पदात मनुष्याच्या कृतीची व प्रयत्नाची अपेक्षा आहे. आपोआप उगवणे आणि लागवड होणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. अलखराम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य ह्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने गांजाच्या झाडांच्या संदर्भात हाच भेद केला. जमिनीत पडलेले बी निसर्गक्रमाने रुजू शकते. म्हणून आरोपीनेच झाडांची लागवड केली हे अभियोगपक्षाने समाधानकारक पुराव्याने दाखविले पाहिजे, असे त्या निर्णयाचे तात्पर्य आहे. अफूच्या झाडासही हे तत्त्व लागू न करण्याचे कारण दिसत नाही, कारण आठव्या कलमात दोन्ही झाडांसाठी क्रियापद एकच आहे.

चोपन्नाव्या कलमाची शब्दरचनाही ह्याच दिशेने जाते. निषिद्ध वस्तू जवळ असल्याचे समाधानकारक स्पष्टीकरण आरोपीने दिले नाही, तर अपराधाचे अनुमान करण्याची मुभा ते कलम न्यायालयास देते. परंतु उभ्या झाडांसंबंधी बोलताना त्यात ‘त्याच्या मालकीच्या जमिनीवर’ असे म्हटलेले नाही. ‘त्याने कसलेल्या जमिनीवर’ असे म्हटले आहे. मालकी आणि मशागत ह्यांत विधिमंडळाने केलेला हा भेद पडक्या अंगणाच्या मालकास उपयोगी पडतो. नीट राखलेल्या वाफ्याच्या मालकास त्याचा उपयोग तेवढा नाही.

पस्तिसावे कलम अधिक कठोर आहे. ज्या अपराधात सदोष मनःस्थितीची आवश्यकता आहे, त्यात ती होती असे न्यायालयाने गृहीत धरावे आणि ती नव्हती हे आरोपीने वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे, असे ते सांगते. सामान्यतः आरोपीवर इतका जड भार टाकला जात नाही. नूर आगा विरुद्ध पंजाब राज्य ह्या २००८ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने ३५ व ५४ ही दोन्ही कलमे संविधानसंमत ठरविली. परंतु मूलभूत तथ्ये प्रथम अभियोगपक्षाने सिद्ध केल्याखेरीज ही गृहीतके कार्यान्वित होत नाहीत, असेही स्पष्ट केले. आपल्या उदाहरणात मूलभूत तथ्ये दोन : झाड पापाव्हर सॉम्निफेरमच होते, आणि आरोपीने त्याची लागवड केली होती. पहिल्यासाठी वनस्पतिशास्त्रीय किंवा रासायनिक पुरावा लागतो, दुसऱ्यासाठी कृतीचा.

मात्र देवदत्ताच्या आईचे संरक्षण तिच्या अज्ञानाइतकेच टिकाऊ आहे. शेजारच्या कोणी तिला रोपांची ओळख पटवून दिली आणि तिने फुले पाहण्याच्या हौसेने त्यांस पाणी घालणे चालू ठेवले, तर उगवणे संपून लागवड सुरू झाली असा युक्तिवाद करता येईल. शिवाय ४६ व्या कलमानुसार आपल्या जमिनीवर अशी बेकायदा लागवड असल्यास ती पोलिसांस अथवा संबंधित खात्याच्या अधिकाऱ्यास ताबडतोब कळविणे प्रत्येक भूधारकाचे कर्तव्य आहे. ते जाणूनबुजून टाळणे शिक्षापात्र आहे. पंच, सरपंच व ग्रामाधिकारी ह्यांवर असेच कर्तव्य ४७ वे कलम टाकते. भाडेकरूच्या कुंड्यांकडे काणाडोळा करणाऱ्या घरमालकाने हे लक्षात ठेवावे.

यज्ञदत्त हा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचा अध्यापक आहे असे मानू. विद्यार्थ्यांस दाखविण्यासाठी त्याने विभागाच्या बागेत दोन झाडे लावली. प्रयोजन शास्त्रीय आहे. तरीही तेवढ्याने त्याची सुटका होत नाही. आठव्या कलमातील अपवाद प्रयोजनावर आणि रीतीवर असा दुहेरी उभा आहे. शास्त्रीय प्रयोजन असलेली पण अनुमतीविना केलेली लागवड बेकायदाच राहते. सुदैवाने अध्यापनाचे बहुतेक काम वाळवणीतील जुन्या नमुन्यांवर आणि पापाव्हर ऱ्हिआससारख्या अनिर्बंध जातींवर भागते.

५. अन्य देशांतील उत्तरे

ह्याच प्रश्नास इतर राष्ट्रांनी दिलेली उत्तरे पाहिली म्हणजे आपल्या विधीचे वैशिष्ट्य उठून दिसते.

ब्रिटनमध्ये पापाव्हर सॉम्निफेरम हे बागेतील नित्याचे फुलझाड आहे. तेथील १९७१ च्या अधिनियमाचा रोख झाडावर नसून अफूवर आहे. शोभेसाठी झाड वाढविणे हा अपराध नाही, चीक काढणे हा अपराध आहे. न्यूझीलंडने १९७५ च्या अधिनियमात झाड निषिद्ध ठरविले, परंतु बचावाचा एक मार्ग ठेवला : ते मादक द्रव्याच्या प्राप्तीसाठी नव्हते, हे आरोपीने सिद्ध केल्यास तो सुटतो. जर्मनीत लागवडीस पूर्वानुमती लागते. तथापि मॉर्फीनचे प्रमाण अत्यल्प असलेली वाणे खाजगी बागेच्या छोट्या तुकड्यात लावण्यासाठी अशी अनुमती मागता येते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बी वगळून संपूर्ण झाड नियंत्रित पदार्थांच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. तेथे बियांची पाकिटे उघड विकली जातात आणि बागांतून झाडे दिसतात, पण संहितेचा शब्द भारतीय शब्दाहून फारसा मृदू नाही.

अशा रीतीने चार कसोट्या दिसतात : कृतीची, उद्देशाची, द्रव्याच्या प्रमाणाची आणि जातीची. भारताने शेवटची, सर्वांत सोपी व सर्वांत कठोर कसोटी स्वीकारली आहे.

प्रवासाच्या संदर्भात एक सूचना येथे करणे अवश्य वाटते. आखातातील संयुक्त अरब अमिरातींसारख्या देशांत खसखशीचे दाणेदेखील निषिद्ध आहेत. तेथे नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी भारतीय विधीतील बियांची सूट आपल्याबरोबर सीमेपार येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

६. कठोरतेचे समर्थन आणि तिची उणीव

जातीच्या कसोटीच्या बाजूने सबळ कारणे आहेत. उद्देश मनात असतो, अल्कलॉइडचे प्रमाण प्रयोगशाळेत कळते. जाति मात्र शेताच्या बांधावरून ओळखता येते. नीमचच्या शेतकऱ्याने आपल्या वाफ्याची मोजणी करून द्यावी, चिकाचा हिशेब द्यावा, आणि त्याच्या शेजाऱ्याने मात्र ‘ही शोभेची फुले आहेत’ असे सांगून सुटावे, हे परवानापद्धतीस घातक ठरेल. ब्रिटनच्या हवेत व मजुरीच्या दरात परसातील अफू हा किफायतीचा धंदा होत नाही. भारतात तो होऊ शकतो. २०१२ साली बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात अफूची बेकायदा लागवड उघडकीस आली, तेव्हा दख्खनच्या हिवाळ्यातही हे पीक येते ही गोष्ट महाराष्ट्रास कळून चुकली. अशा ठिकाणी ‘आम्ही खसखशीसाठी पेरले’ हा बचाव मान्य केला, तर निर्बंधास अर्थच उरणार नाही.

तथापि ह्या समर्थनाने मोठ्या शेताचा प्रश्न सुटतो. कुंडीचा सुटत नाही. आणि अधिनियमाच्या अंतरंगातच असे दोन उपबंध आहेत की, त्यांच्या प्रकाशात कुंडीविषयीचे मौन खटकते.

पहिला उपबंध अफूच्या व्याख्येतील आहे. ज्या मिश्रणात मॉर्फीनचे प्रमाण ०.२ टक्क्यांहून अधिक नाही, ते ‘अफू’ ह्या संज्ञेतून वगळलेले आहे. म्हणजे पदार्थाच्या बाबतीत विधिमंडळाने प्रमाणाचा विचार केला. झाडाच्या बाबतीत केला नाही. परिणामी, ज्यातून अफू निघतच नाही असे वाण निषिद्ध राहते आणि अत्यल्प मॉर्फीनचे मिश्रण मोकळे राहते.

दुसरा उपबंध चौदाव्या कलमाचा आहे आणि तो अधिक बोलका आहे. आठव्या कलमात काहीही असले तरी, धागा अथवा बी मिळविण्याच्या औद्योगिक प्रयोजनासाठी किंवा उद्यानविद्येच्या प्रयोजनासाठी गांजाच्या झाडाची लागवड करण्यास शासन सामान्य वा विशेष आदेशाने परवानगी देऊ शकते, असे ते कलम सांगते. उद्यानविद्येचे प्रयोजन विधिमंडळास सुचले नव्हते असे म्हणण्यास ह्यामुळे जागा राहत नाही. एका झाडासाठी ते शब्दांत सांगितले आणि दुसऱ्यासाठी सांगितले नाही. अर्थनिर्णयाच्या प्रस्थापित नियमानुसार एकाचा उल्लेख हा दुसऱ्याच्या वर्जनाचा सूचक ठरतो. देवदत्ताच्या वकिलाने ‘केवळ शोभेसाठी’ हा मुद्दा कितीही कळवळून मांडला, तरी तो शिक्षेचे प्रमाण ठरविताना ऐकला जाईल. दोषित्वाच्या निर्णयात त्यास स्थान मिळणे कठीण आहे.

७. उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, भारतात घराच्या बागेत पापाव्हर सॉम्निफेरमची लागवड करणे बेकायदा आहे. झाड एक असो वा शंभर, फूल पाहण्यासाठी असो वा बी खाण्यासाठी, झाडातून चीक निघत असो वा नसो, ह्या गोष्टींनी मूळ निर्बंध शिथिल होत नाही. इतर जातींच्या पॉपी मात्र निर्धास्तपणे लावाव्यात. अजाणता उगवलेल्या रोपांपासून गृहस्थाचे जे रक्षण होते, ते ‘लागवड’ ह्या एका शब्दात आणि तो शब्द न्यायालयांनी ज्या सावधपणे वाचला त्यात आहे. असे रोप दिसल्यास ते वाढू न देणे आणि शंका असल्यास अधिकाऱ्यांस कळविणे, हाच सुरक्षित मार्ग होय.

परंतु नागरिकाची सुरक्षितता एका क्रियापदाच्या अर्थावर अवलंबून ठेवणे हे चांगल्या दंडविधीचे लक्षण नव्हे. येथे संपूर्ण मुभा द्यावी असे सुचवावयाचे नाही. परवानापद्धतीचे महत्त्व वर मान्य केलेच आहे. दोन मर्यादित सुधारणा पुरेशा होतील. विसाव्या कलमाप्रमाणे अठराव्या कलमातही लागवडीचा अपराध स्वतंत्र खंडात घेऊन, मादक द्रव्याच्या प्राप्तीचा उद्देश नसलेल्या अगदी थोड्या झाडांच्या लागवडीस केवळ दंडाची शिक्षा ठेवावी. आणि फुलझाडांच्या बियांच्या पाकिटांवर ‘पॉपी’ एवढेच न छापता जातीचे शास्त्रीय नाव छापणे बंधनकारक करावे. विधीने ज्या नावावरून मनुष्यास दोषी ठरवावयाचे, ते नाव निदान बी पेरण्यापूर्वी त्याच्या वाचनात आले पाहिजे, एवढी अपेक्षा त्याने विधीकडून करावी हे न्याय्यच आहे.